पाहुण्यांचा रिव्ह्यू खरा का लिहावा, कसा लिहावा: होस्टकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबाग, लोणावळा, इगतपुरी, तारकर्ली किंवा उत्तर गोव्यात एअरबीएनबीवर व्हिला, फ्लॅट किंवा होमस्टे चालवणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. पाहुणे आपल्याला किती स्टार देतात यावर होस्ट डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. आपण पाहुण्याला लिहायचा रिव्ह्यू मात्र 'ग्रेट गेस्ट, वेलकम अगेन' एवढ्यावर उरकतात. खालची उत्तरे या दुसऱ्या रिव्ह्यूबद्दल आहेत.

पाहुणा निघून गेला. आता त्याच्याबद्दल लिहून मला काय मिळणार?

त्या बुकिंगपुरते पाहिले तर काहीच नाही. हा रिव्ह्यू पाहुण्यासाठी नसतोच, तो पुढच्या होस्टसाठी असतो. आणि तुम्हीही कोणाचे तरी पुढचे होस्ट असताच. शनिवार-रविवारसाठी दहा जणांची रिक्वेस्ट येते, उत्तर द्यायला हातात थोडा वेळ असतो आणि समोर असतात नाव, काही ओळी आणि स्टार. त्या ओळी कर्जतच्या एखाद्या होस्टने भिडेखातर गोड लिहिल्या असतील, तर त्याची किंमत तुमच्या गाद्या आणि तुमचे शेजारी मोजतात. इन्स्टंट बुक (होस्टच्या मंजुरीची वाट न पाहता होणारे बुकिंग) सुरू ठेवणाऱ्यांना हे जास्त लागू पडते, कारण 'पूर्वीचा चांगला अनुभव असलेल्या गेस्टनाच थेट बुकिंग' ही अट दुसऱ्या होस्टनी दिलेल्या शेऱ्यांवरही चालते.

सगळ्यांना पाच स्टार वाटले की पाच स्टारला अर्थ राहत नाही. घरांच्या बाबतीत ते होऊन चुकले आहे. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली मांडलेल्या अभ्यासात एअरबीएनबीवरच्या सुमारे ९५ टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच स्टार निघाली. पाहुण्यांच्या रेटिंगचेही तसेच करायचे की नाही, हे होस्टच्या हातात आहे.

मी खरे लिहिले तर पाहुणा सूड म्हणून मला वाईट रिव्ह्यू देईल ना?

तुमचे वाचून तो तसे करू शकत नाही. २०१४ पासून एअरबीएनबीवर दोघांचे रिव्ह्यू एकाच वेळी उघडतात: दोघांनीही पाठवले की लगेच, नाहीतर चेक-आउटनंतरचे १४ दिवस संपले की. तोपर्यंत कोणालाही दुसऱ्याचे दिसत नाही. आधी तसे नव्हते, आणि 'तू आधी लिही, मग मी बघतो' हा खेळ सर्रास चालायचा. ईबेवर हाच प्रश्न इतका चिघळला की २००८ मध्ये विक्रेत्यांचा खरेदीदाराला वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला गेला. एअरबीएनबीने हक्क ठेवला आणि पाकीट बंद केले. या बदलाचा प्रयोग करून अभ्यास झाला, तेव्हा रिव्ह्यू थोडे वाढले आणि सरासरी किंचित खाली आली. फरक लहान होता, पण दिशा हीच.

भीती खरी ठरते ती दुसऱ्या वाटेने. चेक-आउटला दारातच वाजले, किंवा पाहुण्याने रिव्ह्यू लिहिण्याआधीच नुकसानभरपाईचा मेसेज गेला, तर तुम्ही काय लिहिणार हे त्याला न वाचताच कळते. म्हणून दारात वाद घालू नका. फोटो काढा, मोजदाद करा, 'सुखरूप पोहोचा' म्हणा. बाकीचे लेखी.

पाहुण्याने पार्टी केली, मुदतीनंतरही घर सोडले नाही किंवा मोडतोड करून पैसे दिले नाहीत, आणि वर सूडाचा रिव्ह्यू टाकला, तर तो काढण्याची मागणी कंपनीकडे करता येते. त्यासाठी पुरावा ॲपमधल्या मेसेजमध्ये हवा. फोनवर झालेले बोलणे पुरावा म्हणून दाखवता येत नाही. फोनवर सांगितले असेल तर लगेच ॲपवर एक ओळ टाका: 'आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे, रात्री दहानंतर बाहेरचा स्पीकर बंद ठेवावा.'

मग चौदाव्या दिवशी शेवटच्या तासाला पोस्ट करावे, असे काही होस्ट म्हणतात. बरोबर आहे का?

त्यामागचा हिशेब असा: तुम्ही रिव्ह्यू पाठवलात की 'होस्टने तुमच्याबद्दल लिहिले आहे, वाचायचे असेल तर तुम्हीही लिहा' अशी सूचना पाहुण्याला जाते, आणि विसरलेला माणूस जागा होतो. हे खरे आहे. नियमातही बसते. पण मुदत दिवसांवर नाही, घड्याळावर चालते. 'रात्री जेवून झाल्यावर टाकतो' म्हणणाऱ्यांची मुदत संध्याकाळीच संपलेली असते, आणि वाईट पाहुणा कोऱ्या पाटीने पुढे जातो. दुसरे म्हणजे, मधल्या दोन आठवड्यांत पाच बुकिंग होऊन गेल्यावर कोणत्या ग्रुपने पूलमध्ये बाटली फोडली हे केअरटेकरलाही आठवत नाही.

मजकूर चेक-आउटच्याच दिवशी फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. चांगल्या पाहुण्याचा त्याच दिवशी पोस्ट करा, त्याने आठवणीने लिहिलेले तुम्हाला हवेच आहे. गंभीर प्रकरणात थांबायचे असेल तर बाराव्या-तेराव्या दिवसाचा अलार्म लावा, चौदाव्याचा नको.

'खरे' म्हणजे नेमके काय लिहायचे?

झालेली गोष्ट, आकडा, वेळ, आणि तुम्ही सांगितल्यावर पाहुण्याने काय केले. 'बेजबाबदार', 'उर्मट', 'घाणेरडे' ही विशेषणे पुढच्या होस्टच्या काही कामाची नसतात. तुमचा बेजबाबदार त्याच्या घरी चालून जाईल कदाचित.

असे लिहिलेले नेहमी दिसते: 'ठीक होते. थोडा त्रास झाला. नियम पाळायला हवेत.'

त्याच मुक्कामाबद्दल असे लिहिता येते: 'बुकिंग आठ जणांचे होते, बारा जण राहिले. बाहेरचा स्पीकर रात्री साडेअकरापर्यंत सुरू होता; दोन मेसेज केल्यावर बंद केला. भांडी धुऊन ठेवली होती, कचरा पिशवीत भरलेला होता. मेसेजला लगेच उत्तर देतात. शेजारी लागून असलेल्या घरासाठी मी हे बुकिंग पुन्हा घेणार नाही.'

यात शिवी नाही, टोमणा नाही. ज्याचा व्हिला शेताच्या मधोमध आहे तो हे वाचून बुकिंग घेईलही, सोसायटीतला फ्लॅटवाला घेणार नाही. दोघांनाही हवे ते मिळाले.

टोमणे तर टाळाच. 'खूपच उत्साही ग्रुप', 'घराचा पुरेपूर आनंद घेतला' असल्या खुणेच्या भाषेत जुने होस्ट एकमेकांना इशारा देतात. नवख्याला ती कळत नाही. आणि रिव्ह्यू दुसऱ्या भाषेत आपोआप अनुवादित झाला की टोमण्याची स्तुती होते.

स्टार कसे द्यायचे? चार दिले तर पाहुण्याचे नुकसान होते का?

पाहुण्याला तीन बाबींवर स्टार मिळतात: स्वच्छता, संवाद आणि घराचे नियम पाळणे. तिन्ही वेगवेगळ्या धरा. उशिरा चेक-आउट केले म्हणून स्वच्छतेचे स्टार कापणे हा रागाचा हिशेब झाला.

स्वच्छतेसाठी सफाईला लागलेला जादा वेळ ही चांगली मोजपट्टी आहे. नेहमीच्या वेळेत घर तयार झाले तर पाच. तासभर जादा लागला तर चार. दुसरा माणूस बोलवावा लागला किंवा दोन-तीन तास वाढले तर तीन. पुढच्या पाहुण्याचे चेक-इन लांबले तर दोन. गादी, सोफा किंवा पडदे बाहेर काढून धुवायला पाठवावे लागले तर एक.

चुरगळलेल्या चादरी, सिंकमधले चार कप, तारकर्लीच्या घरात बाथरूममध्ये आलेली वाळू, यासाठी स्टार कापू नयेत. तो वापर आहे आणि त्याची सफाई फी तुम्ही घेतलेली आहे. समुद्राकाठी घर भाड्याने द्यायचे आणि वाळूची तक्रार करायची, हे जमणार नाही.

चार स्टार म्हणजे शिक्षा, असा समज पसरला आहे खरा. तरीही चारच्या कामाला चार द्या आणि का ते मजकुरात एका वाक्यात सांगा. मजकुराशिवायचे तीन स्टार मात्र कोणालाच काही सांगत नाहीत, पाहुण्यावर ते अन्यायकारकही आहेत.

लिहिण्याआधी काय तपासावे?

आधी केअरटेकर. बहुतेक होस्ट मुंबई-पुण्यात असतात, घर दोनशे किलोमीटरवर असते आणि रिव्ह्यू केअरटेकरच्या फोनवरच्या सांगण्यावर लिहिला जातो. इथे सर्वांत मोठी चूक घडते. जादा माणसे आली हे खरे असते, पण केअरटेकरनेच गेटवर पैसे घेऊन 'चालेल साहेब' म्हटलेले असते. पाहुण्याच्या दृष्टीने त्याने परवानगी घेतली, पैसेही मोजले. अशा माणसाला 'नियम मोडला' म्हणून दोन स्टार देणे चूक आहे, आणि तो ॲपवरच्या उत्तरात हे सगळे उघड्यावर मांडेल ते वेगळेच. म्हणून पाहुण्याला आधी ॲपवर सरळ विचारा: 'बारा जण होते असे कळले, आपले कोणाशी बोलणे झाले होते का?'

मग फोटो. प्रत्येक चेक-इनआधी आणि चेक-आउटनंतर त्याच जागांचे, त्याच क्रमाने: प्रत्येक गादी चादर काढून, बाथरूमची जाळी, गॅसची शेगडी, फ्रिजचा आतला भाग, टीव्हीचा पडदा सुरू करून, पूलचा तळ, कचऱ्याचे डबे. आधीचा फोटो नसेल तर गादीवरचा जळका डाग कोणत्या ग्रुपने पाडला हे सिद्ध होत नाही, आणि सिद्ध होत नाही ते लिहू नये. हुक्क्याच्या निखाऱ्याचा डाग गोल, काळ्या कडेचा असतो आणि चादरीखालून गादीत उतरतो. वरची चादर बदलून ठेवली की दोन मुक्काम तो कोणाला दिसतही नाही. म्हणून 'चादर काढून'.

शेवटी तुमचे हाउस रूल्स. जो नियम लिस्टिंगमध्ये लिहिलेला नाही तो मोडला असे म्हणता येत नाही. 'आमच्या किचनमध्ये नॉनव्हेज चालत नाही' हे केअरटेकर चेक-इनच्या वेळी तोंडी सांगतो, तोवर पाहुण्यांनी बाजारातून सुरमई आणलेली असते. यात दोष लिस्टिंगचा. बेसिनमध्ये मासे साफ केले आणि खवल्यांनी पाइप तुंबला, तर ते मात्र लिहा. प्लंबर बोलावावा लागला असेल तर तेही लिहा.

जादा माणसे आली, पण घर स्वच्छ सोडले. तरी लिहायचे का?

लिहायचे, कारण होस्टसाठी माणसांची संख्या हा पाण्याचा आणि सेप्टिक टँकचा प्रश्न असतो. शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटरचा. आठ जणांना १,०८० लिटर लागतात, चौदा जणांना १,८९०. छतावरची टाकी दीड हजार लिटरची असेल तर आठ जणांना कळणारही नाही, चौदा जणांना मात्र सकाळी अंघोळीच्या वेळी नळ कोरडा मिळेल. मे महिन्यात कोकणात टँकर लगेच मिळेलच असे नाही. मग तोच ग्रुप तुमच्या रिव्ह्यूत लिहितो, 'पाण्याची गैरसोय'.

सांगितलेली आणि आलेली संख्या दोन्ही लिहा. आधी विचारून, जादा पैसे भरून आले असतील तर तेही लिहा. तो चांगुलपणाच आहे.

आवाजाबद्दल लिहिताना 'कोणत्या वेळेनंतर' हे कसे ठरवावे?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. हीच वेळ हाउस रूल्समध्ये टाका म्हणजे वाद राहत नाही. पार्ट्यांवर तर एअरबीएनबीची जगभर बंदी आहे. २०२० साली ती तात्पुरती आली, २०२२ मध्ये कायम झाली.

पहिल्यांदाच आलेला, एकही रिव्ह्यू नसलेला पाहुणा चांगला वागला. त्याच्यासाठी वेळ घालवावा का?

सगळ्यात जास्त त्याच्यासाठीच. अमेरिकेत झालेला एक प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एकही रिव्ह्यू नसताना गोऱ्या वाटणाऱ्या नावांच्या सुमारे ४८ टक्के रिक्वेस्ट होस्टनी स्वीकारल्या, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांच्या फक्त सुमारे २९ टक्के. प्रोफाइलवर एक चांगला रिव्ह्यू आल्यावर दोन्ही आकडे ५६ आणि ५८ टक्के झाले, म्हणजे दरी बुजली. माहिती नसली की होस्ट नावावरून अंदाज बांधतो. आपल्याकडे नावाच्या जोडीला आडनाव, 'बॅचलर' हा शिक्का आणि गाडीची नंबर प्लेटही असते. तुमच्या तीन खऱ्या ओळी त्या अंदाजाची जागा घेतात.

पण तिथेही 'ग्रेट गेस्ट' पुरत नाही. 'सहा मित्र, दोन रात्री. चेक-इनची वेळ आदल्या दिवशी कळवली, ओळखपत्रे आधीच पाठवली. निघताना एसी, गिझर बंद करून किल्ली ठरलेल्या जागी ठेवली. एक ग्लास फुटला, तो स्वतःहून सांगितला.' हे वाचल्यावर कोणाचीही खात्री पटते. फुटलेला ग्लास सांगणारा पाहुणा हा न फोडणाऱ्यापेक्षाही बरा.

काय लिहू नये?

जात, धर्म, प्रांत, भाषा, लग्न झाले आहे की नाही, दिसणे, कपडे. अविवाहित जोडपे राहिले हा गुन्हा नाही आणि रिव्ह्यूचा विषयही नाही. फोन नंबर, नोकरीचे ठिकाण, आधारवरचा पत्ता, आजारपण, सोबत कोण होते, हेही नाही.

गुन्ह्याचा संशय असेल तर रिव्ह्यू ही त्याची जागा नाही. ११२ वर फोन करा, कंपनीला कळवा. 'हे लोक ड्रग्ज घेत होते' असे उघड लिहिले आणि दाखवायला काही नसले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार तुमच्यावर होऊ शकते. खरे आणि लोकहिताचे विधान हा त्या कलमातला अपवाद आहे, पण खरेपणा तुम्हालाच दाखवावा लागतो. 'टेरेसवर हुक्का ओढला, गादीला दोन ठिकाणी जळल्याचे डाग आहेत, फोटो पाहुण्याला पाठवले' एवढे पुरते.

नुकसानीचे पैसे मागायचे आहेत. रिव्ह्यू आधी की मागणी आधी?

दोन्हींची मुदत चेक-आउटपासून १४ दिवस आहे आणि दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. मागणी रिझोल्यूशन सेंटरमधून (एअरबीएनबीवरच पैशांची मागणी नोंदवायची जागा), फोटो आणि बिल किंवा दुरुस्तीचे कोटेशन जोडून करा. पाहुण्याला उत्तरासाठी २४ तास मिळतात. त्याने नकार दिला किंवा गप्प राहिला तर कंपनीला मध्ये घ्या. हळदीच्या-मेंदीच्या डागांसाठी आधी लॉन्ड्रीवाल्याकडून 'डाग जाणार नाही' असे बिलावर लिहून घ्या, नाहीतर धुण्याचेच पैसे मिळतील.

'पैसे द्या नाहीतर वाईट रिव्ह्यू टाकीन' किंवा 'पाच स्टार द्या, पुढच्या वेळी सूट देतो' असे एकदाही लिहू नका, गमतीतही नाही. रिव्ह्यूची देवघेव नियमात बसत नाही, आणि मग तुमची खरी तक्रारही संशयास्पद होते. पाहुणा असे म्हणत असेल तर त्याला ॲपवरच म्हणू द्या, आणि तो मेसेज रिपोर्ट करा.

छोट्या गोष्टी सार्वजनिक लिहाव्यात की खासगीत?

ज्याने पुढच्या होस्टचा निर्णय बदलू शकतो ते सार्वजनिक. बाकीचे खासगी शेऱ्यात, तो फक्त पाहुण्याला दिसतो. इन्व्हर्टरवर इस्त्री लावली, ओले टॉवेल बेडवर ठेवले, गेटची कडी लावली नाही: खासगी. असे सांगितलेले बहुतेक लोक मनावर घेतात. मात्र पार्टी झाली आणि सगळे खासगीत कळवून वर पाच स्टार दिले, हा भिडस्तपणा झाला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ती अशीच.

बुकिंग एकाच्या नावावर, राहिले दुसरेच. रिव्ह्यू कोणाचा?

ज्याच्या अकाउंटवरून बुकिंग झाले त्याच्याच प्रोफाइलवर तो जातो. म्हणून पहिलेच वाक्य हे लिहा: 'बुकिंग करणारे स्वतः राहायला नव्हते.' राहिलेल्यांची नावे नकोत. असे बुकिंग चेक-इनआधी कळले तर राहणाऱ्याला स्वतःच्या अकाउंटवरून करायला सांगा. परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत तर राहणाऱ्याचीच माहिती २४ तासांत एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारे सरकारी कार्यालय) पोर्टलवर भरावी लागते, तिथे ही गल्लत महागात पडते.

पाठवलेला रिव्ह्यू बदलता येतो का? पाहुणा त्यावर उत्तर देऊ शकतो का?

१४ दिवसांच्या आत, समोरच्याने आपला पाठवेपर्यंत बदलता येतो. दोन्ही उघडले की नाही. उघडल्यानंतर, ३० दिवसांच्या मुदतीत, पाहुणा त्याखाली जाहीर उत्तर देऊ शकतो, आणि तुम्हीही त्याच्या रिव्ह्यूला. आकडे आणि वेळा बरोबर असल्या तर त्याच्या उत्तराला घाबरायचे कारण नाही.

बुकिंग डॉट कॉम आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या पाहुण्यांचे काय?

बुकिंग डॉट कॉमवर पाहुणा घराबद्दल लिहितो, घरमालकाला पाहुण्याबद्दल जाहीर लिहिता येत नाही. तिथे गैरवर्तनाची तक्रार एक्स्ट्रानेटमधून (घरमालकाच्या लॉगिन पानावरून) नोंदवायची. व्हॉट्सॲपवरच्या थेट बुकिंगला तर कसलीच नोंद नसते, म्हणून तिथे डिपॉझिट आणि लेखी नियम हेच हाताशी. होस्टच्या ग्रुपवर 'या माणसापासून सावध' म्हणून पाहुण्याच्या आधारचा फोटो फिरवण्याची जी पद्धत पडली आहे, ती थांबवा. ओळखपत्र तुम्हाला नोंदीसाठी दिलेले असते, वाटण्यासाठी नाही. वैयक्तिक माहितीबाबत २०२३ चा कायदा आहे.

१४ दिवस उलटून गेले. आता काही करता येईल?

रिव्ह्यू नाही. सुरक्षेचा गंभीर प्रकार असेल तर पाहुण्याचे प्रोफाइल कंपनीकडे रिपोर्ट करता येते. त्याने तुमच्याबद्दल लिहिले असेल आणि त्याला ३० दिवस झाले नसतील, तर जाहीर उत्तरात तुमची बाजू दोन-तीन वाक्यांत मांडता येते. हे उत्तर मात्र तुमच्या घराच्या पानावर दिसते, त्याच्या प्रोफाइलवर नाही. त्यामुळे ते पुढच्या पाहुण्याला उद्देशून लिहा. पुढच्या होस्टपर्यंत ते पोहोचत नाही.